वाडीच्या रस्त्यासाठी सौर पथदिवा किती वॉटचा घ्यावा, आणि घेतलेला दिवा तेवढाच आहे हे मोजावे कसे?

पाखाडीवरून (प्रश्न)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या एका वाडीत मुख्य डांबरी रस्त्यापासून शाळेपर्यंत जाणारा सुमारे ६०० मीटर लांबीचा रस्ता असून साइडपट्टी धरून त्याची रुंदी ४ मीटर भरते. शाळेच्या पुढे जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, देवळापर्यंत चढत जाते. पावसाळ्यात संध्याकाळी सातनंतर या रस्त्यावर हातात विजेरी असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि फुरसे पायाखाली येण्याच्या भीतीने मुलांना शिकवणीलाही पाठवत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून येथे सौर पथदिवे बसवावेत असे ग्रामसभेत ठरले आहे.

अडचण निवडीची आहे. आमच्याकडे तीन माहितीपत्रके आली आहेत. पहिल्यात १२ वॉटचा दिवा, ७५ वॉटचे वेगळे पॅनेल आणि १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. दुसऱ्यात ३० वॉटचा दिवा आणि १०० वॉटचे पॅनेल आहे. तिसरा दिवा ऑल-इन-वन प्रकारचा, म्हणजे दिवा, पॅनेल आणि बॅटरी एकाच खोक्यात असलेला आहे. त्यावर ९० वॉट असे ठळक छापलेले आहे, त्याच्या पॅनेलचे माप ४५ बाय ३५ सेंटिमीटर दिले आहे आणि तो तिघांत सर्वांत स्वस्त आहे. साहजिकच कमी पैशांत ९० वॉट मिळत असताना १२ वॉट कशाला घ्यायचे, असे बैठकीत बहुतेकांचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे आकड्यांत सांगता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. आमच्या रस्त्याला नेमके किती वॉट लागतील हे कोणत्या हिशेबाने काढावे? आणि दिवे बसल्यावर, बिल मंजूर करण्यापूर्वी, ते सांगितल्याप्रमाणे आहेत की नाहीत हे आमच्यासारख्या माणसांनी कोणत्या साधनाने तपासावे? खांब ३० मीटरवर लावून संख्या कमी करता येईल का, हेही कळले तर बरे होईल.

निवृत्त विद्युत अभियंता

आपली शंका रास्त आहे. दिवा किती वीज खातो एवढेच वॉट सांगतो; उजेड लुमेनमध्ये मोजतात, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष पडलेला उजेड लक्समध्ये, म्हणजे दर चौरस मीटरवर किती लुमेन पडले यात मोजतात. त्यामुळे हिशेब रस्त्यापासून सुरू करून मागे यायचा असतो: आधी लक्स, मग लुमेन, मग वॉट, मग रोजची ऊर्जा, आणि सर्वांत शेवटी बॅटरी व पॅनेल. माहितीपत्रके हा क्रम उलटा करतात आणि तिथेच फसगत होते.

सार्वजनिक रस्त्यांच्या प्रकाशासाठी आयएस १९४४ हे भारतीय मानक आहे. त्यात सर्वांत मोठ्या, वेगवान रहदारीच्या रस्त्यांसाठी सरासरी ३० लक्स सांगितले आहेत, तर कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यांसाठी ४ लक्स पुरेसे मानले आहेत. मात्र या दुसऱ्या प्रकारात सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या ०.३ पटीपेक्षा कमी असू नये अशी अट आहे. आपला रस्ता या चार लक्सच्या गटातला. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते आणि त्यात आपण पायवाट ओळखतो, हे लक्षात घ्यावे.

आता २५ मीटर अंतर धरू. एका दिव्याच्या वाट्याला २५ गुणिले ४ म्हणजे १०० चौरस मीटर रस्ता येतो. चांगला एलईडी दिवा एका वॉटला सुमारे १२० लुमेन देतो, म्हणून १२ वॉटचे १,४४० लुमेन झाले. यातला साधारण ४० टक्के उजेडच रस्त्यावर पडतो, बाकीचा गडग्यावर, झाडांवर आणि परसात जातो. धूळ, किडे आणि एलईडीचे वय यांसाठी आणखी २० टक्के वजा करावे. उरले सुमारे ४६० लुमेन, ते १०० चौरस मीटरवर पसरले की सरासरी ४.६ लक्स मिळतात. म्हणजे तुमच्या रस्त्याला १२ वॉट पुरतात. खांब ३० मीटरवर नेले तर तोच आकडा ३.८ वर येतो, म्हणजे सरासरीच अपुरी पडते, आणि मधला अंधार त्याहून जास्त खटकतो.

या मधल्या अंधाराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वॉट वाढवून जे सुटेल असे लोकांना वाटते ते खरे म्हणजे खांबाची उंची आणि लेन्स यांनी सुटते. लेन्स नसलेला साधा १,४४० लुमेनचा दिवा ४ मीटर उंचीवर टांगला, तर खांबाच्या पायथ्याशी २८ लक्स पडतात आणि दोन खांबांच्या मधोमध, दोन्हींचा मिळून, जेमतेम अर्धा लक्स उरतो. तोच दिवा ६ मीटरवर नेला की पायथ्याशी १३ लक्सच्या आत येतात आणि मधोमध जवळपास ०.९ लक्स होतात. रस्त्याच्या लांबीत उजेड पसरवणारी लेन्स असेल तर त्याच विजेत मधोमध २ लक्सच्या आसपास पोहोचता येते. म्हणजे ठिकठिकाणी भगभगीत डबकी आणि मध्ये काळोख, हे दृश्य कमी वॉटमुळेच दिसते असे नाही. अशा दिव्यांखालून जाणाऱ्या माणसाचे डोळे उजेडाला सरावतात आणि पुढच्या अंधारात त्याला नेहमीपेक्षाही कमी दिसते. फुरसे तिथेच असेल तर उपयोग काय?

वॉट ठरला की ऊर्जेचा हिशेब. येथे कोकणाची गोष्ट सोलापूर-लातूरपेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी दिवसाला पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी धरता येते, पण जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात ती साडेतीन तासांपर्यंत, आणि झडीच्या आठवड्यांत त्याच्याही खाली उतरते. दिव्याचा हिशेब सरासरीवर न करता याच महिन्यावर करावा. रात्रीची लांबी मात्र येथे आपल्या बाजूने आहे: जुलैत रात्र साधारण ११ तासांची असते, तर डिसेंबरात १३ तासांची, पण डिसेंबरात आभाळ निरभ्र असते.

१२ वॉटचा दिवा, त्याच्या ड्रायव्हरचा (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागाचा) तोटा धरून, बॅटरीतून सुमारे १३.३ वॉट ओढतो. जुलैत रात्रभर पूर्ण तेजाने जळला तर १४६ वॉट-तास खर्च होतात. पहिले ५ तास पूर्ण आणि नंतरचे ६ तास अर्ध्या तेजाने चालवला तर हाच खर्च १०६ वर येतो. पॅनेल तापणे, शेवाळ, कंट्रोलर (बॅटरीचे भरणे-उतरणे सांभाळणारा भाग) आणि बॅटरी यांतला सगळा तोटा धरून छापील वॉटच्या ६५ टक्केच हाती येतात असे मानू. ७५ वॉटचे पॅनेल साडेतीन तासांच्या उन्हात १७० वॉट-तास देईल. झडीत ऊन तीनच तासांचे मिळाले तर १४६ देईल. पूर्ण तेजाने रात्रभर चालवायचे असेल तर त्या आठवड्यात जमा आणि खर्च बरोबर होतात आणि उतरलेली बॅटरी पुन्हा भरायला काहीच उरत नाही. मध्यरात्रीनंतर तेज निम्मे केले तर रोज ४० वॉट-तास शिलकीत राहतात. म्हणून डिमिंगची सोय निविदेत लिहून घ्यावी, ती ऐच्छिक ठेवू नये.

बॅटरीचे १२.८ गुणिले ३० म्हणजे ३८४ वॉट-तास होतात, त्यांपैकी ८० टक्के वापरायचे, म्हणजे ३०७. उन्हाचा कवडसाही न आल्यास डिमिंगसह जवळपास तीन रात्री, डिमिंगशिवाय दोन. आपले पहिले माहितीपत्रक या हिशेबात चपखल बसते. दुसऱ्यातला ३० वॉटचा दिवा पूर्ण तेजाने जुलैत ३६० वॉट-तासांहून अधिक मागेल आणि त्याचे १०० वॉटचे पॅनेल २२८ देईल. उरलेली तूट बॅटरी रोज सोसेल आणि एक दिवस बंद पडेल.

तिसऱ्याबद्दल एवढेच सांगतो. पूर्ण उन्हात एका चौरस मीटरवर १,००० वॉट पडतात आणि चांगले पॅनेल त्यातले सुमारे २० टक्के पकडते. ४५ बाय ३५ सेंटिमीटर म्हणजे ०.१६ चौरस मीटरहून किंचित कमी. त्यातून ३१-३२ वॉटपेक्षा जास्त निघणे शक्य नाही. जुलैत दिवसाला ७० वॉट-तास हाती येतील. खरोखरचा ९० वॉटचा दिवा त्यावर पाऊण तास जळेल. तो रात्रभर जळताना दिसतो, याचा अर्थ तो सरासरी ६ वॉटच घेत असणार.

पाखाडीवरून

आपण एवढ्या आस्थेने मांडलेला हिशेब मी कागदावर उतरवून सरपंचांना दाखवला. पाऊण तासाचे गणित त्यांना लगेच पटले. आता तपासणीबद्दल कोणी अनुभवी व्यक्तीने लिहावे ही विनंती. आमच्यापैकी एकाच्या मोबाइलवर लक्स मोजण्याचे ॲप आहे. ते चालेल का?

दिवेदुरुस्ती

मी गेली काही वर्षे गावोगावचे बंद पडलेले सौर दिवे दुरुस्त करण्याचे काम करतो, त्यामुळे हिशेबापेक्षा खोकी उघडल्यावर काय दिसते ते सांगू शकतो.

मोबाइलचे ॲप दोन दिव्यांत कोणता जास्त उजळ आहे एवढे सांगायला ठीक आहे, बिल अडवायला नाही. फोनमधला सेन्सर पडद्याचे तेज कमी-जास्त करण्यासाठी असतो. तिरक्या कोनातून येणारा उजेड तो नीट धरत नाही, आणि आपल्याला नेमका तोच मोजायचा असतो. साधा लक्समीटर दोन-अडीच हजारांत मिळतो, किंवा तालुक्यातल्या एखाद्या तंत्रनिकेतनातून एका रात्रीसाठी मागून आणावा.

मोजायची पद्धत अशी. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. सलग दोन खांबांमधले अंतर अडीच-अडीच मीटरच्या दहा भागांत आणि रस्त्याची रुंदी तीन पट्ट्यांत चुन्याने आखावी, आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर मीटर जमिनीवर सपाट ठेवून आकडा लिहावा. मोजणारा वाकला की त्याचीच सावली मीटरवर पडते, म्हणून वायरने जोडलेला सेन्सर असलेला मीटर सोयीचा. तीस आकड्यांची सरासरी काढावी आणि त्यातला सर्वांत लहान आकडा वेगळा लिहावा. अभियंता साहेबांनी दिलेली ४ लक्स आणि ०.३ पट ही अट त्यावरच तपासायची. शेजारच्या घराचा किंवा दुकानाचा दिवा मध्ये येत असेल तर खांबावरचा दिवा बंद करवून तेवढा उजेड मोजून वजा करावा. आणि हे सगळे रात्री आठ वाजता एकदा आणि पहाटे चारला पुन्हा करावे. आठ वाजता सगळेच दिवे चांगले असतात. तपासणीला आलेले अधिकारी जेवणाच्या वेळी परततात, त्यामुळे पहाटेचा आकडा कोणाच्याच कागदावर नसतो.

वॉट मोजण्यासाठी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. नेहमीचा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो येथे शून्य दाखवेल. बॅटरीतून दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवर क्लॅम्प लावावा, बॅटरीचा व्होल्टेज मल्टिमीटरने घ्यावा आणि दोन्हींचा गुणाकार करावा. १३ व्होल्ट आणि १ अँपिअर आले तर दिवा १३ वॉट घेत आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो. हा आकडा दिवा पूर्ण तेजावर असताना, म्हणजे संध्याकाळी घ्यावा, नाहीतर डिमिंगमुळे निम्मा येईल आणि पुरवठादाराशी विनाकारण वाद होईल.

बॅटरी उघडायला मिळाली तर सेल मोजावेत. ३० अँपिअर-तासांच्या लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीत बहुधा ३२६५० मापाचे, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांचे, जाडजूड गोल सेल असतात. चार सेल एका ओळीत म्हणजे १२.८ व्होल्ट, अशा पाच ओळी म्हणजे ३० अँपिअर-तास. एकूण वीस सेल झाले पाहिजेत. मी एकदा ३० ची चिठ्ठी लावलेले खोके उघडले तर आत बारा सेल आणि उरलेल्या जागेत थर्मोकोल होता. उघडता येत नसेल तर वजन करावे. एक सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून वीस सेलची बॅटरी नुसत्या सेलांनीच पावणेतीन किलोंच्या पुढे गेली पाहिजे.

माझ्या मते सगळ्यांत खरी परीक्षा मात्र कोणत्याही यंत्राशिवाय होते. दोन दिवस चांगले ऊन मिळून बॅटरी पूर्ण भरली की पॅनेलवर जाड गोणपाट घालून ते बांधून टाकावे आणि दिवा किती रात्री पहाटेपर्यंत जळतो ते मोजावे. तीन रात्रींचा वादा असेल तर तीन रात्री जळला पाहिजे. फक्त एक ध्यानात ठेवावे: बहुतेक दिव्यांत वेगळा सेन्सर नसतो आणि पॅनेलचा व्होल्टेज पडला की रात्र झाली असे कंट्रोलर समजतो. त्यामुळे पॅनेल झाकले की दिवा भरदिवसा लागतो आणि बॅटरी दिवसाही उतरते. म्हणून कंट्रोलर दिवसा कसा वागतो हे पुरवठादाराकडून आधी लिहून घ्यावे. तो दिवसाही जळणारा निघाला तर तास मोजून हिशेब करावा. २५ पैकी कोणतेही दोन दिवे ग्रामपंचायत निवडेल आणि त्यांवर ही चाचणी होईल, असे करारात लिहिले की पुढचे बरेच प्रश्न मिटतात.

मीटरवाला

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ निर्णयाबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. जिथे महावितरणची लाइन आणि खांब आधीच आहेत तिथे सौर दिवा लावण्यात पैशांची बचत आहे हा समज तपासून पाहावा. १२ वॉटचा एलईडी दिवा रोज बारा तास जाळला तर वर्षाला ५२-५३ युनिट होतात. सगळे आकार मिळून युनिटला ८ रुपये धरले तरी एका दिव्याचे वर्षाचे बिल सव्वाचारशेच्या आत राहते. सहा वर्षांत अडीच हजार. सौर दिव्याची बॅटरी तेवढ्या काळात एकदा तरी बदलावी लागेल, आणि तिची किंमत यापेक्षा कमी नसेल. वर बदलणारा माणूस शोधणे हे वेगळेच. सौर दिव्याचा खरा फायदा लाइन नाही तिथे, किंवा वादळात लाइन आठ-आठ दिवस पडते तिथे आहे. कोकणात निसर्ग वादळानंतर कितीतरी गावांनी अंधारात आठवडे काढले, तेव्हा हा फायदा लहान नाही हे मान्य. पण ६०० मीटरच्या रस्त्यावर लाइन कुठवर आली आहे हे प्रश्नात लिहिलेले नाही.

पाखाडीवरून

आपला मुद्दा बरोबर आहे आणि तो मी लिहायला हवा होता. लाइनचे खांब पहिल्या २०० मीटरपर्यंत आहेत. त्यांवर पूर्वी दिवे होते. बिल थकल्यामुळे जोडणी तोडली गेली, आणि त्यात चूक आमचीच होती. थकबाकी भरून त्या भागात साधे एलईडी लावणे आणि उरलेल्या ४०० मीटरवर व पाखाडीवर सौर दिवे घेणे, असा विचार आता मांडणार आहे.

दरम्यान शेजारच्या गावातील एका वर्ष-दीड वर्ष जुन्या सौर दिव्यावर आम्ही मोजमाप करून पाहिले. खोक्यावर ४० वॉट आहे. क्लॅम्प मीटरवर १.०५ अँपिअर आणि व्होल्टेज १२.९ आला, म्हणजे साडेतेरा वॉट. रात्री आठ वाजता पायथ्याशी १९ लक्स, मधोमध ०.६. पहाटे चार वाजता मोजण्यासारखे काही नव्हते, कारण दिवा अडीचलाच विझला होता. आदल्या दोन दिवशी पाऊस होता.

आणखी दोन शंका. आमच्या रस्त्यावर एका जागी जुन्या रायवळ आंब्याची गर्द सावली आहे. तिथल्या दोन खांबांचे काय करावे? आणि पाखाडीवरही १२ वॉटच लावायचे का?

किनाऱ्यावरून

पाखाडीबद्दल मी लिहितो, कारण आमच्या गुहागरकडच्या गावात हाच प्रश्न आला होता. पायऱ्यांची वाट दोन मीटरही रुंद नसते आणि तिच्यावर वाहन येत नाही. तिथे ६ मीटरचा खांब आणि १२ वॉटचा दिवा लावला की निम्मा उजेड लोकांच्या माजघरात जातो. साडेतीन-चार मीटरचा खांब, पंधरा मीटरच्या आत अंतर आणि ५-६ वॉटचा दिवा पुरतो. पॅनेलही ४० वॉटच्या आसपासचे लागते. पायऱ्यांवर मात्र उजेड वरून आणि पुढून यावा, केवळ मागून आला तर प्रत्येक पायरीची कड स्वतःच्याच सावलीत जाते आणि उतरताना पाय चुकतो.

दुसरे रंगाचे. निविदेत रंगाचा उल्लेख नसेल तर ६,००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचे माप) वरचा निळसर पांढरा दिवा येतो, कारण तो नजरेला जास्त भगभगीत भासतो. तो पावसाच्या धारांवर आणि धुक्यात डोळ्यांवर येतो, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला किड्यांचे थर दिव्याखाली साचतात. किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप, हे वेगळे सांगायला नको. ३,००० ते ४,००० केल्विनचा पिवळट दिवा मागावा, लुमेन थोडे कमी मिळाले तरी चालतील. आमच्याकडे तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून वर आली की समुद्राकडच्या उजेडाच्या दिशेने निघतात आणि गावातल्या दिव्यांनी फसतात. म्हणून किनाऱ्याकडच्या दिव्यांना आडोसे लावावे लागले. तुमच्याकडे किनारा नाही, तरी काजवे असतीलच.

आणि पॅनेल उगाच मोठे घेऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची आठवण ठेवा. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६६० न्यूटनच्या पुढे जातो. ७५ वॉटचे पॅनेल अर्ध्या चौरस मीटरचे असते. ते वाऱ्याला पूर्ण सामोरे आले तर खांबाच्या टोकावर ३५ किलोंची ओढ बसते. पॅनेल दुप्पट केले की ओढही दुप्पट. पाया जांभ्यात खणलेला आणि काँक्रीटचा हवा, खांब गरम जस्ताच्या बाथमध्ये बुडवलेला हवा. नुसता चंदेरी रंग दिलेला खांब खाऱ्या हवेत बुंध्याशी सडतो.

निवृत्त विद्युत अभियंता

पाखाडीचे वरील उत्तर योग्य आहे. शेजारच्या गावातील मोजमाप फार बोलके आहे. साडेतेरा वॉट हा आकडा आपल्या १२ वॉटच्या दिव्याएवढाच आहे, फक्त ४० छापून विकलेला. तो अडीचला विझला याचा अर्थ त्याचे पॅनेल किंवा बॅटरी, बहुधा दोन्ही, १२ वॉटलाही पुरतील एवढी नाहीत.

पॅनेलच्या कलाबद्दल कोणी विचारले नाही, तरी लिहून ठेवतो. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडेच असतो, हे शून्य सावलीचा दिवस पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पावसाळ्यासाठी पॅनेल फार उभे करण्यात तोटाच आहे. दक्षिणेकडे १५ अंशांच्या आसपास कल पुरे. अगदी सपाट ठेवू नये, कारण मग पाणी साचून कडेला शेवाळ धरते आणि कावळ्यांची शीट वाहून जात नाही. ऑल-इन-वन दिव्यांचे पॅनेल नेमके असे सपाट असते.

आता आंबा. छोट्या पॅनेलमधले ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एका फांदीची सावली दोन-चार सेलांवर पडली तरी सगळ्या पॅनेलचा प्रवाह घटतो. सावली दहा टक्के म्हणजे तोटा दहा टक्के, असे होत नाही. झाडाखाली पॅनेलचे वॉट वाढवून उपयोग नाही आणि जुना आंबा तोडू नये. त्या दोन खांबांवर दिवा, बॅटरी आणि कंट्रोलर तिथेच ठेवून पॅनेल तेवढे उन्हातल्या जागी, शाळेच्या छपरावर किंवा २० मीटरवरच्या वेगळ्या खांबावर न्यावे. वायर लांबली की व्होल्टेज पडतो ही भीती येथे बरीचशी अनाठायी आहे. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत, जाऊन-येऊन ४० मीटरमध्ये, ४ अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास पडेल. पॅनेल १७-१८ व्होल्टवर काम करते आणि बॅटरी भरायला साडेचौदा पुरतात, त्यामुळे साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला (पॅनेल थेट बॅटरीला जोडून ती भरणाऱ्या प्रकाराला) हा तोटा जाणवतही नाही. उलट बॅटरी पॅनेलपाशी आणि दिवा लांब, अशी मांडणी केली तर दिव्याच्या १ अँपिअरला पडणारा सुमारे ०.३ व्होल्ट थेट दिव्याच्या वाट्याचा जातो. म्हणून लांब वायर नेहमी पॅनेलच्या बाजूला ठेवावी, आणि ती जमिनीतून नेणार असाल तर उंदीर-घुशींसाठी पाइपात घालावी.